शाळेतलं मोफत जेवण आणि गरिबीचा आकडा

प्रश्न असा आहे: ‘आम्ही ओहायोत घर बघतोय. एका प्राथमिक शाळेच्या माहितीत “मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र विद्यार्थी” हा आकडा काही वर्षांपूर्वी 38 टक्के होता, आता थेट 100 टक्के दिसतो. वस्ती तर तशीच वाटते. एवढी गरिबी एकदम कशी वाढली? आणि गरिबीचं माप म्हणून हा आकडा कितपत धरायचा?’

गरिबी वाढलेली नाही. निदान या आकड्यावरून तरी तसं म्हणता येणार नाही. बहुधा त्या शाळेने सगळ्या मुलांना मोफत जेवण द्यायला सुरुवात केली आहे आणि माहिती भरणाऱ्याने त्या रकान्यात 100 लिहिलं आहे. मी अमेरिकेतल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, डेटा विभागात बरीच वर्षं काम करते आणि हा आकडा तयार करणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. तो कसा तयार होतो हे कळलं की तो कसा वाचायचा तेही कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळेतल्या जेवणाची ही केंद्रीय योजना 1946 सालची, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेल्या कायद्यातून आलेली. ती चालवतं ते कृषी खातं, शिक्षण खातं नव्हे. पात्रता ठरते दारिद्र्यरेषेवरून. कुटुंबाचं उत्पन्न त्या रेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत. 130 ते 185 टक्क्यांच्या मध्ये असेल तर सवलतीचं, म्हणजे दुपारच्या जेवणाला जास्तीत जास्त 40 सेंट. 2025-26 या शालेय वर्षासाठी चार जणांच्या कुटुंबाला मोफतची मर्यादा वर्षाला 41,795 डॉलर आहे आणि सवलतीची 59,478 डॉलर. अलास्का आणि हवाई सोडून बाकी 48 राज्यांत हीच मर्यादा. मिसिसिपीतल्या खेड्यात 60 हजार डॉलरमध्ये संसार नीट चालतो, सॅन फ्रान्सिस्कोत तेवढ्यात घरभाडंच जेमतेम निघतं. रेषेच्या दृष्टीने दोन्ही कुटुंबं सारखी. ही दारिद्र्यरेषाही मुळात जेवणावरूनच निघालेली. सोशल सिक्युरिटी विभागातल्या मॉली ऑर्शान्स्की यांनी 1963-64 च्या सुमारास किमान जेवणखाणाचा खर्च काढला आणि त्याला तिनाने गुणलं, कारण तेव्हाची कुटुंबं उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करत. आज घरभाडं, पाळणाघर आणि आरोग्यविमा यांनी सगळा हिशेब बदलला आहे, पण रेषा महागाईनुसार वर सरकते एवढंच.

आता ‘पात्र’ मूल कसं ठरतं ते बघू. जुना मार्ग फॉर्मचा. ऑगस्टमध्ये पालकांकडे एक फॉर्म येतो. घरात एकत्र राहणारी आणि एकत्र खर्च करणारी माणसं किती, प्रत्येकाचं कर कापण्याआधीचं उत्पन्न किती आणि ते आठवड्याला येतं, पंधरवड्याला येतं की महिन्याला, एवढंच त्यात लिहायचं. सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे, नाहीतर ‘नंबर नाही’ या चौकटीत खूण. व्हिसा कोणता हे विचारत नाहीत. मालमत्ता, बचत, शिक्षण, कर्ज यांतलंही काही विचारत नाहीत. फॉर्म भरताना जे चालू उत्पन्न असेल तेच धरलं जातं.

याचा परिणाम आपल्याच लोकांत बघायला मिळतो. पीएचडी करणारा मराठी विद्यार्थी, स्टायपेंड वर्षाला 33-34 हजार डॉलर, बायको एफ-2 व्हिसावर असल्यामुळे तिला नोकरी करता येत नाही, दोन मुलं शाळेत. हे कुटुंब मोफत जेवणाला पूर्णपणे पात्र आहे आणि त्यांनी ते हक्काने घ्यावं. पैशाची ओढाताण खरीच असते. पण शाळेच्या रजिस्टरमध्ये ही मुलं ‘आर्थिकदृष्ट्या वंचित’ या रकान्यात जातात, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या, तीन महिन्यांत दोन घरं सोडावी लागलेल्या मुलीसमोरही तीच खूण असते. पीएचडीवाल्याच्या घरात पुस्तकं आहेत, रात्री गणित शिकवणारे आईबाप आहेत, पुण्यात आजी-आजोबांचा आधार आहे. खूण मात्र एकच. विद्यापीठाच्या गावातल्या शाळांचा आकडा वाचताना हे हमखास ध्यानात ठेवावं.

दुसरा मार्ग फॉर्मशिवायचा. कुटुंबाला स्नॅप, म्हणजे अन्नखरेदीसाठीची सरकारी मदत (पूर्वीचे फूड स्टॅम्प), मिळत असेल तर राज्य सरकारची यादी आणि शाळेचा पट जुळवून मुलाला आपोआप मोफत जेवण लागू होतं. 2004 च्या कायद्याने ही जुळवणी टप्प्याटप्प्याने सगळ्या डिस्ट्रिक्टना सक्तीची केली. फॉस्टर केअरमधली (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला दिलेली) मुलं, बेघर मुलं, हंगामी शेतमजुरांची मुलं हीसुद्धा थेट पात्र. बऱ्याच राज्यांत आता मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्याची, यादीही वापरतात. ही जुळवणी वर्षातून किमान तीनदा करावी लागते. ऐकायला हे यांत्रिक वाटतं, पण इथेच माणसाचा हात लागतो. नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की संगणक मान्य करतो. पण एका यादीत दोन आडनावं आहेत आणि दुसऱ्यात एकच, जोडरेघ एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, जन्मतारखेत महिना आणि दिवस उलटसुलट झालेत. अशा नावांची ‘कदाचित जुळतील’ म्हणून वेगळी यादी निघते. तिच्यावर कोणीतरी बसावं लागतं. पत्ता बघायचा, भावंडं बघायची. नियम असा की घरातलं एक मूल जुळलं तर त्या घरातली सगळी मुलं पात्र. तेव्हा मोठी बहीण जुळली आणि धाकटा भाऊ वेगळ्या स्पेलिंगमुळे सुटला असेल तर त्याला शोधून आत घेता येतं. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये हे काम करायला माणूस आहे तिथला आकडा दोन-तीन टक्क्यांनी वर जाऊ शकतो. जिथे नाही तिथे तीच मुलं ‘गरीब नाहीत’ म्हणून मोजली जातात.

सुटणारी मुलंही एका विशिष्ट प्रकारची असतात. हायस्कूलमध्ये आकडा खाली येतो, कारण पंधरा वर्षांच्या मुलाला रांगेत ओळखलं जायचं नसतं आणि घरी फॉर्म नेऊन देण्याचं कामही त्याच्यावरच असतं. त्याच घरातली धाकटी बहीण प्राथमिक शाळेत पात्र म्हणून नोंदलेली असते. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत अशी कुटुंबं सरकारी फॉर्मवर पत्ता लिहायला घाबरतात, आणि अशा पालकांना स्नॅप मिळत नसल्यामुळे याद्यांच्या जुळवणीतही ती बऱ्याचदा येत नाहीत. शिवाय दरवर्षी 1 ऑक्टोबरच्या अर्जांतून काही अर्ज पडताळणीसाठी काढतात, विशेषतः ज्यांचं उत्पन्न मर्यादेच्या अगदी जवळ आहे असे. त्यांना पगाराच्या चिठ्ठ्या मागवणारं पत्र जातं आणि 15 नोव्हेंबरपर्यंत ते प्रकरण संपवायचं असतं. उत्तर आलं नाही तर जेवण बंद. उत्तर न देणारे सगळे खोटं बोलत होते असं मानणारे लोक मला भेटतात. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, इंग्रजी वाचता आलं नाही, दोन नोकऱ्यांत सवड मिळाली नाही, ही कारणं त्याहून कितीतरी नेहमीची आहेत.

तुमच्या शाळेच्या 100 टक्क्यांचं कारण मात्र याहून वेगळं. 2010 च्या कायद्यात ‘कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन’ नावाची तरतूद आली. सगळे तिला सीईपी म्हणतात. 2011-12 मध्ये इलिनॉय, केंटकी आणि मिशिगनपासून सुरुवात होऊन 2014-15 पासून ती देशभर खुली झाली. याद्यांच्या जुळवणीतून थेट पात्र ठरलेल्या मुलांचं प्रमाण 40 टक्क्यांवर असेल तर शाळेला फॉर्म घेणं बंद करून सगळ्यांना मोफत जेवण द्यायची मुभा मिळाली. ऑक्टोबर 2023 मध्ये ही अट 40 वरून 25 टक्क्यांवर आणली, आणि मध्यमवर्गीय वस्तीतल्या कितीतरी शाळा त्यात आल्या.

हिशेब करून दाखवते. समजा शाळेत 500 मुलं आहेत. पूर्वी फॉर्म आणि याद्या मिळून 190 पात्र होती, म्हणजे 38 टक्के. त्यातली याद्यांतून थेट आलेली 140, म्हणजे 28 टक्के. जुन्या अटीत ही शाळा एकटी बसत नव्हती, नव्या अटीत बसते. सीईपी घेतल्यावर सरकार या 28 ला 1.6 ने गुणतं, कारण थेट सापडलेल्या दहा मुलांमागे फॉर्ममधून आणखी सहा यायची असा अंदाज धरला आहे. उत्तर येतं 44.8. म्हणजे ताटांपैकी 44.8 टक्क्यांना मोफत जेवणाचा दर मिळतो, साडेचार डॉलरच्या घरात. उरलेल्या ताटांना अर्ध्या डॉलरहूनही कमी. ती तूट डिस्ट्रिक्टने सोसायची. आणि जेवतात मात्र शंभर टक्के मुलं मोफत. आता त्याच शाळेबद्दल चार आकडे तयार झाले: 38, 28, 44.8 आणि 100. एकही खोटा नाही. कोणी कुठला छापेल याचा नेम नाही, आणि घरं विकणाऱ्या वेबसाइट खाली टीप देत नाहीत. वर आणखी एक गोष्ट: 28 हा आकडा 1 एप्रिलच्या पटावरून ठरतो आणि शाळा तो चार वर्षं तसाच वापरू शकते. म्हणजे तुम्ही आज वाचताय तो आकडा चार वर्षांपूर्वीच्या मुलांचाही असू शकतो.

घराचा निर्णय याच्यावर घेऊ नका. आकडा हवाच असेल तर डिस्ट्रिक्टला मेल करून ‘डायरेक्ट सर्टिफाइड’, म्हणजे याद्यांतून थेट पात्र ठरलेल्या, मुलांचं प्रमाण मागा, एका वर्षाचं नको, चार-पाच वर्षांचं. राज्याने मधल्या काळात मेडिकेडची यादी जोडली का तेही विचारा, कारण ती जोडली त्या वर्षी आकडा उडी मारतो आणि वस्तीत काहीच बदललेलं नसतं. ते बघूनही शाळा चांगली की वाईट हे कळणार नाही. शाळेत कोणती मुलं येतात आणि शाळा त्यांना काय शिकवते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा आकडा पहिल्या गोष्टीबद्दल थोडंसं सांगतो. दुसऱ्याबद्दल अवाक्षरही नाही.

सीईपीच्या आधीही हे माप सरळ होतं असं नाही. 2000-01 मध्ये देशातल्या सरकारी शाळांतली 38 टक्के मुलं पात्र होती, 2012-13 मध्ये निम्म्याहून जरा अधिक. त्या आकड्यावरून 2015 च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत ‘निम्मी अमेरिकन मुलं गरीब’ अशा अर्थाच्या बातम्या आल्या. जनगणना विभागाच्या मोजणीत तेव्हा गरीब मुलं साधारण पाचात एक होती. दोन्ही खरं, कारण 185 टक्के म्हणजे रेषेच्या जवळजवळ दुप्पट. पात्र मुलांत शाळेच्या बसचा ड्रायव्हर, नर्सिंग होममधली मदतनीस, नवखा शिक्षक यांची मुलं येतात. त्यांची ओढाताण खरी आहे. पण ती आणि उपासमार एकाच शब्दात बसवली की ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तो गर्दीत दिसेनासा होतो.

माझ्या मते या मापाचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. त्यात मूल एकतर पात्र असतं, नाहीतर नसतं. किती खोल आणि किती काळ, हे त्यात नाही. कॅथरिन मिशेलमोर आणि सुझन डायनार्स्की या दोघींनी मिशिगनचा विद्यार्थ्यांचा डेटा मागे बालवाडीपर्यंत जोडून पाहिला. आठवीतली साधारण निम्मी मुलं त्या वर्षी पात्र होती. पण बालवाडीपासून आठवीपर्यंत प्रत्येक वर्षी पात्र राहिलेली फक्त 14 टक्के. या 14 टक्क्यांचे गुण कधीच पात्र नसलेल्या मुलांपेक्षा 0.94 प्रमाण विचलनाने कमी होते, म्हणजे प्रचंड कमी, आणि अधूनमधून पात्र असलेल्यांपेक्षाही 0.23 ने कमी. एका वर्षाची खूण बघणाऱ्या शाळेला ही 14 टक्के मुलं वेगळी दिसतच नाहीत. आणि ही माहिती मिळवायला नवा सर्व्हे लागला नाही, नवा फॉर्म लागला नाही. दरवर्षीच्या फाइली जपून एकमेकींना जोडल्या, बस. कुठलाही डिस्ट्रिक्ट हे स्वतः करू शकतो, आणि एवढ्या वर्षांनंतरही इतके कमी डिस्ट्रिक्ट ते करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग हे माप टाकूनच द्यावं का? मी तसं म्हणणार नाही. थर्स्टन डोमिना आणि सहकाऱ्यांनी ओरेगन राज्य आणि कॅलिफोर्नियातला एक डिस्ट्रिक्ट घेऊन मुलांची जेवणाची नोंद थेट आयकर खात्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहिली. उत्पन्नाचं माप म्हणून जेवणाची नोंद कच्चीच निघाली. पण शिक्षणात मागे पडण्याचा जो भाग आयकरातल्या उत्पन्नावरून समजत नव्हता, त्यातलं काही ती सांगत होती. मला यात नवल वाटलं नाही. घराने फॉर्म भरला, मदतीसाठी नाव नोंदवलं, म्हणजे त्या घराला यंदा चणचण जाणवते आहे. कराच्या कागदावर गेल्या वर्षीचा पगार असतो. कामाचे कमी झालेले तास, घरात आलेलं आजारपण, राहायला आलेली बहीण आणि तिची मुलं हे त्यावर नसतं.

प्रश्न संशोधनापुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. या खुणेवर पैसा चालतो. केंद्राचा ‘टायटल वन’ निधी, म्हणजे गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीचा पैसा, डिस्ट्रिक्टपर्यंत जनगणना विभागाच्या अंदाजावरून येतो, पण डिस्ट्रिक्टच्या आत कोणत्या शाळेला किती, हे बहुतेक ठिकाणी जेवणाच्या आकड्यावरून ठरतं. 75 टक्क्यांवरच्या शाळांना आधी द्यावं लागतं. आता 1.6 चा गुणाकार आठवा. थेट पात्र 63 टक्के असलेली शाळा गुणाकारानंतर 100 होते, 95 टक्के असलेलीही 100 वरच थांबते. पहिल्या शाळेत तीनातलं साधारण एक मूल याद्यांबाहेरचं आहे आणि दुसऱ्या शाळेत वीसातलं एक, तरी दोन्ही शाळा कागदावर एकसारख्या. डिस्ट्रिक्टने वाटपासाठी गुणाकाराआधीचा आकडा वापरला तर हा अन्याय टळतो, नियमांत तशी मुभाही आहे. पालकांनी शाळा मंडळाच्या बैठकीत विचारावं असा एकच प्रश्न सुचवायचा तर मी हा सुचवेन.

राज्यांनी आपापल्या वाटा काढल्या आहेत. टेक्सासने 2019 मध्ये विद्यार्थ्याच्या पत्त्यावरून, जनगणनेच्या छोट्या गटांप्रमाणे, वंचिततेच्या पाच पायऱ्या केल्या आणि वरच्या पायरीला जास्त निधी ठेवला. शहरातल्या सलग वस्त्यांत हे चांगलं चालतं. जिथे एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जगं आहेत तिथे चुकतं. मॅसॅच्युसेट्सने 2014-15 मध्ये फॉर्म सोडून फक्त सरकारी याद्यांवर भिस्त ठेवली आणि त्यांचा आकडा एका वर्षात घसरला. स्थलांतरितांची मोठी वस्ती असलेल्या गावांना त्याचा सर्वांत जास्त फटका बसला, कारण त्यांची मुलं याद्यांत नव्हतीच. पुढे राज्याने व्याख्या बदलून 185 टक्क्यांची मर्यादा परत आणली आणि याद्यांत नसलेल्यांसाठी फॉर्मची सोय ठेवली. फक्त याद्यांवर अवलंबून राहू नये असं मी म्हणते ते याच अनुभवावरून. जुलै 2025 च्या केंद्रीय कायद्याने निर्वासित आणि आश्रय मिळालेल्या लोकांची स्नॅपची पात्रता काढून घेतली आहे. त्या घरांतली गरिबी तेवढीच राहील. मेडिकेडच्या यादीतूनही नाव जुळलं नाही तर आकडा मात्र खाली येईल.

सगळ्यांना मोफत जेवण दिल्यामुळे मोजमाप बिघडलं, अशी तक्रार माझ्याच क्षेत्रातले लोक करतात. ती मला पटत नाही. न्यूयॉर्क शहर 2017 पासून, कॅलिफोर्निया आणि मेन 2022 पासून, त्यानंतर मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्ससह आणखी राज्यं सगळ्यांना मोफत जेवण देतात. रांगेत कोण गरीब हे कळत नाही, जेवणाच्या उधारीची नोटीस मुलाच्या हातात पडत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या प्रत्येक मुलाला शालेय पोषण आहार मिळतो. त्या ताटांच्या संख्येवरून कोणी गरिबी मोजायला जात नाही, मोजूही नये. जेवण जेवणासाठी असावं. मोजायचं काम वेगळ्या साधनाने करायचं, आणि त्यासाठी थोडा खर्च आणि थोडी मेहनत घ्यायची.

त्या साधनात तुमचाही वाटा आहे. सीईपीच्या शाळेत जेवणाचा फॉर्म नसतो, पण बऱ्याच राज्यांत उत्पन्नाचा एक वेगळा, छोटा फॉर्म येतो. कॅलिफोर्नियात डिस्ट्रिक्टला गरजू मुलांमागे मिळणारा जादा निधी अशाच फॉर्मवर बऱ्याच अंशी अवलंबून आहे. ‘जेवण तर सगळ्यांना फुकट आहे, आता कशाला भरायचा?’ असं म्हणून पालक तो बाजूला ठेवतात. ज्यांचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे त्यांनी तो न भरल्यामुळे शाळेचं एका मुलामागचं अनुदान जातं, आणि त्यातून वाचनाला मदत करणारी शिक्षिका किंवा समुपदेशक ठेवायचा असतो. आपल्या ओळखीत स्टायपेंडवर राहणारं कुटुंब असेल, नोकरी गेलेलं कोणी असेल, तर त्यांना सांगा: फॉर्म ऑनलाइन असतो, दहा मिनिटांत होतो, सध्याच्या महिन्याचं उत्पन्न लिहायचं, आणि वर्षाच्या मध्ये उत्पन्न घटलं तर नवा फॉर्म कुठल्याही दिवशी देता येतो.